कडब्याचे बैल

जुन्या जालन्यात आमचं घर दोन खोल्यांचं. त्या दोन खोल्यांवर पहिला हक्क पाण्याचा. नळ कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून पुढच्या खोलीत एक ड्रम, मागच्या खोलीत दुसरा, मोरीत टाकी, स्वयंपाकाच्या ओट्याखाली घागरी आणि हंडे. पाण्याच्या खालोखाल हक्क ज्वारीचा. सासऱ्यांचं शेत मंठ्याकडं. तिथून वर्षाची ज्वारी यायची आणि मागच्या खोलीतल्या पत्र्याच्या कोठीत पडायची. कोठी माझ्या छातीइतकी उंच, वर झाकण, खाली धान्य काढायची खिडकी. त्यानंतर आम्ही माणसं: मी, नवरा, मुलगी आणि तिच्या पाठचा मुलगा. एवढं सगळं मावून काही उरलं तर ती जागा खेळण्यांची.

आणि खेळणी तर व्यायल्यासारखी वाढायची. कुठून यायची देव जाणे. जत्रेतल्या शिट्ट्या, जर्मनची भातुकली, एका डोळ्याची बाहुली, गोट्या, सोड्याच्या बाटल्यांची झाकणं, काडेपेट्यांचे छाप, चाक निखळलेली मोटार. त्या मोटारीचं चाक कायम मोटारीपासून लांब आणि कायम माझ्या पायाखाली. सकाळी उचला, दुपारी उचला, संध्याकाळी पुन्हा उचला. वाकून वाकून कंबर मोडायची. शेजारची एक जण यायची आणि म्हणायची, "अवं, लेकराबाळांचं घर हाय, ऱ्हाऊ द्या की." तिच्या वाड्याला मागं परसू होता. तिचं काय जातंय म्हणायला!

नवरा बियाणांच्या गोडाऊनमध्ये कामाला होता. तिथल्या रिकाम्या कापडी पिशव्या तो घरी आणायचा. एका उन्हाळ्यात मी त्या धुऊन, उसवून, नाडी घालून शिवल्या आणि भिंतीला खिळे ठोकून ओळीनं टांगल्या. गोट्यांची वेगळी, भातुकलीची वेगळी, गाड्यांची वेगळी. नियम असा की एक पिशवी भरून वर गेल्याशिवाय दुसरी खाली उतरायची नाही. पोरांनी कुरकुर केली, मुलानं एकदा तर फरशीवर लोळण घेतली, पण दिवेलागणीच्या आत जमीन मोकळी दिसायला लागली. मोकळी जमीन बघून मला काय वाटायचं ते सांगता यायचं नाही. परसूवाली शेजारीणसुद्धा बघून गेली आणि "आम्हाला बी दोन पिशव्या शिवून द्या" म्हणाली. मी दिल्या नाहीत.

हे सुख फार टिकलं नाही. त्याच वर्षी ज्वारीच्या टेम्पोत, पोत्यांवर बसून, मामंजी आले. सासूबाई जाऊन बराच काळ झाला होता, मामंजींचे गुडघे कामातून गेले होते. शेत बटईनं दिलं, बैल विकले आणि नवऱ्यानं त्यांना घेऊन यायचं ठरवलं. बैल घेऊन जाणारा माणूस आला तेव्हा मामंजी घरात जाऊन बसले होते, बाहेर आलेच नाहीत, असं नवऱ्यानं मला सांगितलं. टेम्पोतून उतरले तेव्हा त्यांच्याजवळ एक पिशवी, एक काठी आणि लाकडी मुठीचा जुना चाकू, बस्स. पुढच्या खोलीत ड्रमाशेजारी मी त्यांचं अंथरूण घातलं.

आमच्या घराण्यात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी मामंजींशी एक शब्द सरळ बोललेली नव्हते, ना ते माझ्याशी. डोक्यावर पदर, ते आले की उठून उभं राहायचं. गावाकडं सणावाराला जायचो तेव्हा ते निभायचं. दोन खोल्यांत दिवसभर कसं निभायचं? मग सगळा कारभार पोरांमार्फत. मी म्हणायची, "आबांना सांग, जेवायला वाढलंय." आबा दोन हातांच्या अंतरावर बसलेले. ते पोराला म्हणायचे, "मायला सांग, आलो म्हणावं." पोरं शाळेत असली तर मी चुलीवरच्या भांड्याला सांगायची, "चहा झालाय बाई एकदाचा." मामंजी खोकायचे आणि उठून यायचे. मुलगी तर वैतागून म्हणायची, "मम्मी, त्यांना ऐकू येतंय ना, मग मी कशाला सांगू?" मी म्हणायची, "जास्त शहाणपणा करू नको, सांग."

गल्लीच्या टोकाला एका गवळ्याच्या म्हशी होत्या. गोठ्याशेजारी कडब्याची गंजी लावलेली. मामंजी सकाळी काठी टेकत तिकडं जायचे, गवळ्याला वैरण तोडू लागायचे आणि येताना चार धाटं काखेत धरून आणायचे. धाट म्हणजे ज्वारीचं वाळलेलं ताट, कणीस खुडून उरतं ते. पहिल्या दिवशी ते दारात बसले, धाटाची साल चाकूनं सोलली, आतलं पांढरं भेंड वेगळं काढलं. सालीच्या बारीक काड्या भेंडात टोचत गेले आणि बघता बघता बैलगाडी झाली. दोरा नाही, डिंक नाही. चाकं फिरत होती. जू होतं, जुवाला दोन बैल होते आणि बैलांना शिंगं होती. पोरं तर वेडीच झाली. खरं सांगते, मीसुद्धा दाराआडून बराच वेळ बघत उभी होते.

दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी झाली. मग नांगर, मग वखर, मग पाभर. मग सुटे बैल, उभे, बसलेले, मान वळवलेले. मामंजींचे हात थांबायचेच नाहीत. माझ्या पिशव्यांत हे काही बसेना. मुलानं एक गाडी पिशवीत कोंबली, ती संध्याकाळी भुसा होऊन बाहेर आली. मामंजींनी तो भुसा ओंजळीत घेऊन पाहिला आणि तशीच दुसरी गाडी करून ठेवली. म्हणजे या वस्तूंना सपाट जागा पाहिजे. आमच्या घरात सपाट जागा किती होती? ट्रंकेचं झाकण, टीव्हीचं डोकं, खिडकीची कड, ड्रमावरची फळी. सगळीकडं बैल. पाणी काढायचं तर आधी बैल उचला, बातम्या लागल्या तर बातम्या देणाऱ्या बाईच्या डोक्यावर बैलगाडी. एक दिवस देव्हाऱ्यावरच नांगर दिसला, तेव्हा मी कपाळाला हात लावला.

वर सालींचा कचरा. धाटाची साल पायात घुसली की नखाखालच्या कुसळासारखी ठणकते. मी झाडायची, पुन्हा झाडायची. पोरांची हौस केव्हाच फिटली होती. मुलगा प्लास्टिकची बॅट घेऊन गल्लीत पळायचा, मुलगी म्हणायची, "आबा, बास ना आता." आबा मान हलवायचे आणि पुढचं धाट घ्यायचे. पोरांसाठी ते करतच नव्हते. जन्मभर जो माणूस तांबडं फुटायच्या आधी बैलांपुढं वैरण टाकायला उठला, त्यानं ड्रमाशेजारी बसून करायचं काय? हे मला समजत होतं. नवऱ्याला समजत नव्हतं, बापाला तो दादा म्हणायचा, मला सांगायचा, "दादांचा टाइमपास हाय." मला समजत होतं, पण समजलं म्हणून घरात जागा थोडीच होते? माझा जीव आंबून गेला होता. रात्री पाठ टेकली की वाटायचं, देवा, उद्या या घरात एक तरी वस्तू कमी होऊ दे.

पोळा आला. दरवर्षी आम्ही कुंभाराकडचे मातीचे बैल आणून पुजायचो. त्या वर्षी मामंजींनी स्वतःच्या हातची एक जोडी पाटावर ठेवली, शिंगांना हळद लावली, पाठीवर कुंकवाची बोटं ओढली. मी पुरणपोळीचा नैवेद्य पुढं सरकवला. ते वाकून त्या कडब्याच्या बैलांच्या पाया पडले आणि लवकर उठलेच नाहीत. मला तिथं उभं राहवेना. मी उगीचच आमटी ढवळायला आत गेले.

त्यानंतर महालक्ष्म्या. आमच्याकडं त्या पुढच्या खोलीत बसतात. आरास, फुलोरा, सवाष्णी, नवऱ्याच्या गोडाऊनमधली माणसं जेवायला. पाऊस लागून राहिलेला, कपडे वाळेनात, नळाला गढूळ पाणी. आणि पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. माझं डोकं फिरलं. मी मुलीला हाक मारली आणि मामंजी समोर बसलेले असताना, घर डोक्यावर घेऊन म्हणाले, "सांग तुझ्या आबांना! उद्या देवी बसायचीय. देवीला टेकायला हातभर जागा नाही आणि इथं बैलांचा बाजार भरलाय! उद्या दुपारपर्यंत हे सगळं उचललेलं पाहिजे मला!"

मुलगी काही बोललीच नाही. बोलायची गरजही नव्हती. मामंजींनी हातातलं अर्धवट चाक खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून केळीचे खुंट आणि पत्रावळी घेऊन आले तर पुढची खोली लख्ख. ट्रंक मोकळी, टीव्ही मोकळा, खिडकी मोकळी. एक काडी कुठं नाही. मामंजी अंथरुणाची वळकटी करून भिंतीला टेकून बसले होते. कुठं ठेवलं सगळं, म्हणून विचारायची माझ्यात ताकद नव्हती आणि खरं तर इच्छाही नव्हती. देवी बसल्या, जेवल्या, उठल्या. घर मोकळं ते मोकळंच राहिलं. मी मनात म्हटलं, चला, गवळ्याकडं नेऊन ठेवलं असेल.

काही दिवसांनी दळणाला ज्वारी काढायला बसले. कोठीची खालची खिडकी उघडली, सूप लावलं आणि ज्वारीबरोबर सोंडे किडे बाहेर आले. एक-दोन नाही, वळवळत आले. हात घातला तर दाणा गरम आणि वास कोंदट. कडुलिंबाचा पाला घालून, कडक ऊन देऊन भरलेली ज्वारी. अशी कशी गेली? मी उठले आणि वरचं झाकण काढलं.

आत मामंजींचं धोतर अंथरलेलं होतं आणि त्यावर सगळे बैल उभे होते. ओळीनं. गाड्या एका बाजूला, नांगर-वखर एका बाजूला, बैल मधोमध, सगळ्यांची तोंडं एकीकडं. कशाला कशाचा धक्का लागत नव्हता. एवढं नीट मीसुद्धा या घरात कधी काही ठेवलं नव्हतं. आम्ही खालून ज्वारी काढून खात होतो आणि वरून ते धोतर बैलांसकट हळूहळू खाली जात होतं. धाटं ओलसर होती. साल वाकावी म्हणून मामंजी ती पाण्यात भिजवायचे, त्यात पावसाचे दिवस, आणि माझ्या ओरडण्यापायी वाळायला वेळ कुठला? त्या ओलीनं कोठी आतून घामेजली होती. बैलांच्या पाठींवरून सोंडे चालले होते.

मागं खोकल्याचा आवाज आला. मामंजी दारात उभे होते. त्यांनी माझ्या हातातलं झाकण बघितलं, सुपातली ज्वारी बघितली. पुढं आले, मूठभर दाणे उचलले, नाकाशी नेले. ओलं काही कोठीत घालू नये हे शेतकऱ्याच्या घरात पाळण्यातलं पोर जाणतं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला रागवायचंसुद्धा सुचेना. पोरं शाळेत होती, मध्ये बोलायला कुणीच नव्हतं. मग ते खाली बसले आणि कोठी उपसायला लागले.

सुदैवानं ऊन पडलं होतं. मामंजींनी सगळी ज्वारी दारापुढच्या ओट्यावर आणि गल्लीत पसरली. गुडघे धरत, बसत-उठत चाळली, पाखडली, हातानं सोंडे वेचले. मी सूप घ्यायला गेले की सूप स्वतःकडं ओढून घ्यायचे. दुसऱ्या दिवशीही तेच. जेवायला हाक मारली तर मुलाकडून निरोप, "आबा म्हणतेत, भूक न्हाई." बरीचशी ज्वारी वाचली. थोडी गल्लीतल्या कोंबड्यांना गेली. कोठी पुसून, वाळवून, नवा पाला घालून त्यांनीच भरली आणि झाकण दाबून बसवलं.

त्या संध्याकाळी मुलगी धावत आली. "मम्मी, आबांनी सगळे बैल म्हशीला घातले!"

"काय बोलतीस?"

"खरंच! पोत्यात भरून नेले अन् टोपल्यात ओतले. म्हैस चाकंबी खाऊन गेली." तिला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. "मी म्हटलं, आबा, एक तरी ठेवा. तर म्हणले, कडबाच हाय तो, वाया कशाला घालावा."

मी पोळी लाटत होते. लाटणं हातातच राहिलं.

त्यानंतर घर कसं नीटनेटकं! माझ्या पिशव्या ओळीनं टांगलेल्या, जमीन मोकळी, पायात साल नाही की काडी नाही. मामंजी गवळ्याकडं जायचे थांबले. दारात बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, समोरच्या भिंतीकडं बघत. हात इतके गप्प कधी पाहिले नव्हते मी त्यांचे. ताटात अर्धी भाकरी उरायला लागली. मुलगा जाऊन म्हणाला, "आबा, ट्रक करा ना," तर त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "न्हाई रे राजा, ठिवायला जागा न्हाई." ते मला टोमणा म्हणून म्हणाले नव्हते, म्हणूनच ते जास्त लागलं.

मग एका जेवणाच्या वेळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "मला गावाकडं नेऊन घाल."

नवरा म्हणाला, "तिथं कोण हाय दादा? भाकर कोण करून घालील?"

"मी थापीन. न्हाई तर शेजारी देतील. सुनंच्या घरची सालभराची ज्वारी नासवली म्या. हितं बसून तरी काय करून राह्यलो? जागाच अडवून राह्यलो."

"अवं, ज्वारी कुठं नासली? बरीच निघाली की."

"तू नेऊन घाल म्हणलं ना." एवढंच बोलून ते हात धुवायला उठले. मला ठाऊक होतं की गावाकडं त्या बंद घरात, त्या गुडघ्यांनी, त्यांचा एक हिवाळासुद्धा निघायचा नाही. नवऱ्यालाही ठाऊक होतं. पण बापापुढं जास्त बोलायची त्याला सवय नव्हती, आणि मला तर मुळीच बोलायचं नव्हतं. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते हेच, की ड्रमाशेजारची जागा मोकळी होईल. लगेच मागोमाग माझी मलाच शिसारी आली.

जायचं ठरलं तो सुट्टीचा दिवस. मंठ्याची बस धरायची होती. मामंजींनी धोतर नेसलं, टोपी घातली. नवऱ्यानं पिशवी हातात घेतली. पोरं आबांच्या दोन्ही बाजूंना चिकटून बसली होती. मी आत दशम्या बांधत होते, आणि बांधता बांधता मला इतका थकवा आला, इतका, की वाटलं इथंच बसावं आणि पुन्हा उठूच नये. वर्षानुवर्षं मी या घरातून वस्तू उचलत आले. आता माणूसच उचलून ठेवतेय की काय?

दशम्या तशाच टाकून मी मागच्या दारानं निघाले. गवळी म्हशी धूत होता. मी म्हटलं, "कडब्याची एक पेंढी द्या." त्यानं बघितलं, पण विचारलं नाही. मी ती पेंढी डोक्यावर घेऊन भर गल्लीतून आले. पदर घसरला, शेजारीण दारात येऊन बघत होती. बघू दे. पुढच्या दारानं आत आले आणि ती पेंढी मामंजींच्या पायापाशी धपकन टाकली.

मामंजींनी पेंढीकडं बघितलं, मग नातवाकडं वळून हळूच म्हणाले, "मायला इचार, ठिवायचं कुठं?"

मुलानं माझ्याकडं तोंड केलं. त्यानं ते बोलायच्या आधीच माझ्या तोंडून फुटलं.

"माझ्या डोक्यावर ठेवा मामंजी! टीव्हीवर ठेवा, देवांवर ठेवा, नाही तर माझ्या डोक्यावर ठेवा. पण तुम्ही कुठं जाऊ नका."

इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी सरळ बोललेले हे पहिले शब्द, आणि तेही ओरडून. डोक्यावर पदर नव्हता, केसांत कडब्याचा भुसा होता. नवरा पिशवी धरून खांबासारखा उभा. मामंजी माझ्याकडं बघत राहिले. मला वाटतं, त्यांनी माझं तोंड नीट असं त्या दिवशीच पाहिलं.

मग ते वाकले. पेंढीतलं एक धाट ओढून काढलं, बोटांनी चाचपलं, नखानं साल खरवडून बघितली.

"वल्लं हाय हे, बाई," ते मला म्हणाले. "आधी चार दिस उन्हात वाळव. मंग बघू."

मी पेंढी उचलली आणि ओट्यावर नेऊन, एक-एक धाट सुटं करून, उन्हात मांडत बसले.